साठीनंतर तोल का जातो आणि परत कसा कमवायचा: बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली बरीच वर्षं साठीपुढच्या बायकांचे व्यायामवर्ग घेते. खरे प्रश्न वर्गात कुणी विचारत नाही. ते येतात वर्ग सुटल्यावर, दारात चपला शोधताना, हळू आवाजात. काही सुनांचे फोन येतात, काही मुलींचे परदेशातून. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की ते एकदाचे लिहून काढले.

म्हातारपणी माणूस पडायचंच. त्यात एवढं काय?

पासष्टीपुढच्या साधारण तीनातल्या एका व्यक्तीला वर्षातून एकदा तरी पडायला होतं आणि सत्तरीनंतर हे प्रमाण आणखी वाढतं. म्हणजे पडणं सर्रास आहे, हे खरं. पण सर्रास असणं वेगळं आणि अटळ असणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात आणि ३ कोटी ७३ लाख वेळा पडणं इतकं जोराचं असतं की दवाखाना गाठावा लागतो.

‘पाय घसरला’ असं आपण म्हणतो तेव्हा सगळा दोष फरशीला देऊन मोकळे होतो. पण त्याच ओल्या फरशीवर नातीचाही पाय घसरतो, आणि ती पटकन दुसरा पाय पुढे टाकून सावरते. आजीला सावरता येत नाही, कारण तो दुसरा पाय वेळेत पुढे येत नाही. घसरणं फरशीमुळे असेल, सावरता न येणं मात्र पायांमुळे असतं. आणि पायांचं काहीतरी करता येतं.

पुरुषही पडतात. मग हाडं बायकांचीच का मोडतात?

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं संप्रेरक झपाट्याने कमी होतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाडं वेगाने विरळ होतात. मुळात बायकांची हाडं लहान आणि स्नायू कमी. वर आपल्याकडे सगळ्यांचं वाढून झाल्यावर उरेल ते जेवायची जुनी खोड, त्यामुळे प्रथिनांची ओढाताण आयुष्यभर चाललेली. पडून दगावण्याचं प्रमाण जगभर पुरुषांत जास्त आहे, पण पडण्याचं आणि हाड मोडण्याचं बायकांत.

कुठलं हाड मोडतं यावरूनही बरंच कळतं. पन्नाशी-साठीतली बाई भरभर चालत असते, अडखळली तर पुढे पडते आणि हात टेकते. म्हणून त्या वयात मनगट मोडतं. पंचाहत्तरीनंतर चाल मंदावते, मग माणूस जागच्या जागी कडेला कोसळतं आणि सगळा भार खुब्यावर येतो. हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. म्हणून पंचावन्नव्या वर्षी मनगट मोडलं तर प्लास्टर निघाल्यावर विषय संपला असं समजू नका. तेव्हाच हाडांची घनता तपासून घ्या आणि पायांच्या व्यायामाला लागा. खुब्याची पाळी यायला अजून वीस वर्षं हातात असतात.

मी रोज सकाळी पाऊण तास चालते. तेवढं पुरत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि उत्तर ऐकून सगळ्यात जास्त हिरमोड होतो.

चालणं सोडू नका. साखरेला, रक्तदाबाला, झोपेला ते चांगलंच आहे. पण पडणं टाळायला नुसतं चालणं पुरतं असा भरवशाचा पुरावा नाही. २०१९ मध्ये कॉक्रन या, वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी २५ देशांतले १०८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत २३ हजारांहून जास्त माणसं होती आणि तीन चतुर्थांशांहून जास्त बायका. व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालं. त्यातही तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम एकत्र करणाऱ्यांमध्ये ३४ टक्क्यांनी. फक्त चालण्याचा उपयोग होतो की नाही, हे मात्र ठामपणे सांगता आलं नाही.

कारण सरळ आहे. बागेतल्या सपाट वाटेवर आपण एकाच दिशेला, एकाच लयीत पावलं टाकतो. माणूस पडतं ते वळताना, मागे सरकताना, पाठीमागून कुणी हाक मारली म्हणून मान फिरवताना, फळीवरचा डबा काढताना. या हालचालींचा सराव चालण्यात होतच नाही. पोळ्या लाटून लाटून पुरणपोळी जमत नाही, तसंच हे.

न्यूझीलंडमध्ये ओटागो विद्यापीठाच्या लोकांनी १९९७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. तो मला फार आवडतो, कारण त्यातल्या २३३ जणी सगळ्या बायका होत्या आणि सगळ्या ऐंशीच्या पुढच्या. निम्म्या जणींना फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन पायाच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले. ना जिम, ना यंत्रं. घोट्याला बांधायची वजनं, आधाराला घरातलंच एखादं टेबल, आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास. वर्षभरात व्यायाम न करणाऱ्या गटात १५२ वेळा पडणं झालं, करणाऱ्यांत ८८ वेळा. ऐंशीनंतर सुरुवात करून हा फरक पडला.

जन्मभर घरकाम केलं. तोच व्यायाम नव्हे का?

होता. भूतकाळ मुद्दाम वापरते आहे.

आमच्या आजीचा दिवस आठवून बघा. पाटावर बसून स्वयंपाक, उकिडवं बसून भांडी, जमिनीवर पंगत, जमिनीवर अंथरूण, परसाकडे जाऊन उकिडवं बसणं. दिवसातून पंचवीस-तीस वेळा जमिनीवरून उठणं व्हायचं, तेही कडेवर पोर किंवा हातात कळशी घेऊन. आज जी कसरत व्यायामशाळेत पैसे भरून करतात, ती फुकट होत होती. त्यात हाल होते, गुडघे झिजत होते, ते दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही. पण ओटा आला, डायनिंग टेबल आलं, पलंग आला, कमोड आला, आणि जमीन आपल्या आयुष्यातून हळूच निघून गेली.

आताचं घरकाम म्हणजे ओट्यापाशी दोन तास उभं राहणं. पाय भरून येतात, कंबर धरते, थकवा खराच असतो. पण थकवा आला म्हणजे ताकद वाढली असं नाही. झाडू-पोछा स्वतः करत असाल तर चांगलंच, तेवढाच फायदा. एक सोपी खूण सांगते: गेल्या महिनाभरात तुम्ही जमिनीवर मांडी घालून बसलात आणि कशालाही न धरता उठलात, असं झालंय का?

माझा तोल कसा आहे, घरच्या घरी कसं कळेल?

तीन चाचण्या. शेजारी कुणीतरी उभं असू द्या.

पहिली खुर्चीची. हात नसलेली साधी, न हलणारी खुर्ची घ्या आणि भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर, फुलीसारखे. तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजा. बायकांसाठी साठ ते चौसष्टला किमान १२, पासष्ट ते एकोणसत्तरला ११, सत्तरीच्या दशकात १०, ऐंशी ते चौऱ्याऐंशीला ९. त्याहून कमी आले तर पडण्याचा धोका वाढलाय असं समजायचं. हात टेकावेच लागले तर आकडा शून्य.

दुसरी उभं राहण्याची. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून, दोन्ही पावलं एका रेषेत, दहा सेकंद. लहानपणी खेळात राज्य कुणावर यायचं हे ठरवायला पावलाला पाऊल लावत यायचो ना, तेच. दहा सेकंद टिकत नसेल तर लक्ष द्यायला हवं.

तिसरी: खुर्चीतून उठा, तीन मीटर चाला, वळा, परत येऊन बसा. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर गती आणि तोल दोन्हींवर काम हवं.

वर्गात एक काकू आल्या, वय एकाहत्तर. रोजचं चालणं, उपास-तापास, सगळं व्यवस्थित. खुर्चीच्या चाचणीत पाचव्या वेळेला त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही खुर्चीच ठेंगणी आहे.” खुर्ची मोजून सतरा इंच होती. त्यांच्या घरातल्या सोफ्यावर दोन उशा जास्तीच्या ठेवलेल्या असत, हे नंतर कळलं. उठणं जड जायला लागलं तशी एक उशी आली, मग दुसरी. उठता येत नाही, असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. तुमच्या घरातल्या उशा मोजा.

आणखी एक निरीक्षण, घड्याळाशिवायचं. १९९७ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की चालता चालता कुणी बोलायला लागलं की जी वृद्ध माणसं उभीच राहतात, ती पुढे जास्त पडतात. चालणं त्यांना इतकं लक्ष देऊन करावं लागतं की बोलायला लक्ष उरत नाही. सासूबाई तुमच्याबरोबर बाजारात चालताना उत्तर देण्यासाठी थांबतात का, ते बघा.

नेमके कोणते व्यायाम करायचे?

सुरुवातीला एवढेच.

खुर्चीतून उठणं-बसणं. उठताना पटकन, बसताना मनात तीनपर्यंत मोजत हळू. धप्पकन बसायचं नाही, त्या हळू बसण्यातच मांडीची खरी मेहनत असते. दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा वेळा. सोपं झालं की छातीशी दोन किलो डाळीची पिशवी धरा.

टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, मग टाचांवर उभं राहून चवडे उचलणं. दुसरा प्रकार बायका टाळतात, कारण तो विचित्र दिसतो. पण चालताना पाऊल जमिनीपासून नीट उचललं गेलं नाही तर उंबरठ्याला बोट अडकतं, आणि ते उचलणारा स्नायू नडगीवरचा.

पाय सरळ ठेवून बाजूला उचलणं. कुल्ल्याच्या कडेचे स्नायू कडेला कोसळण्यापासून वाचवतात.

मग तोल. पावलाला पाऊल लावून चालणं, आडवं चालणं, उलटं चालणं, आणि एका पायावर उभं राहणं. लंगडी खेळलेल्या बायका आपण, निदान लंगडीची सुरुवात तरी परत जमायला हवी. आधाराला खिडकीचे गज किंवा जड टेबल घ्या. ओट्यापाशी करत असाल तर गॅस बंद असताना. चहा उकळेपर्यंत एका पायावर उभं राहा, असा सल्ला फिरत असतो. तो देणाऱ्याने उकळत्या चहाशेजारी तोल गेलेला पाहिलेला नसावा.

आधार हळूहळू कमी करायचा: आधी दोन्ही हात, मग एक, मग दोन बोटं, मग नुसता हात जवळ. एक गोष्ट लक्षात ठेवा, तोलाचा व्यायाम करताना थोडं डुगडुगलं पाहिजे. अजिबात डुगडुगत नसेल तर व्यायाम सोपा झालाय, आणि भीतीने हात घट्ट आवळला जात असेल तर फार अवघड आहे.

आठवड्यातून किमान तीन दिवस करा. एकूण तीन तासांच्या आसपास गेलात तर उत्तम. चालणं त्याव्यतिरिक्त. दोन-तीन महिने द्या. आणि सोडलंत की फायदाही ओसरतो, यात गोड बोलून काही उपयोग नाही. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, धाप लागून बोलता येईना, तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवा.

गुडघे दुखतात. आधी गुडघे बरे होऊ देत, मग व्यायाम करते.

उलटं आहे. गुडघ्यांच्या झिजेवर जे मोजके उपाय खात्रीने चालतात, त्यात मांडीचे स्नायू बळकट करणं अगदी वर आहे. खुर्ची उंच घ्या, उशी ठेवा (हो, त्याच उशा, पण आता महिन्याला एक काढण्यासाठी). व्यायाम करताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत शमलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सूज आली तर प्रमाण निम्मं करा, बंद करू नका.

हाडं ठिसूळ झालीत म्हणून सांगितलंय, ‘वजन उचलू नका, जपून राहा.’ मग?

‘जपून राहा’ या दोन शब्दांनी जितक्या बायकांचं नुकसान झालंय तितकं फरशांनीही केलं नसेल, असं मला कधीकधी वाटतं. जपून म्हणजे काय, ते कुणी सांगत नाही. मग बाई बसून राहते. बसून राहिल्याने स्नायू जातात, हाडांवर भार येत नाही म्हणून हाडंही जातात.

ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ बायका, सरासरी वय पासष्ट. निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, आठ महिने चक्क जड वजनं उचलली. त्यांच्या कण्याची आणि खुब्याची घनता सुधारली. हे सगळं प्रशिक्षकाच्या नजरेखाली आणि पायरीपायरीने झालं होतं, हे विसरू नका. उद्या उठून गव्हाचं पोतं उचलायला जाऊ नका. त्याआधी १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायाच्या ताकदीचा व्यायाम दिला होता. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

जपायचं ते कण्याला, पुढे वाकण्यापासून. कणा ठिसूळ असताना कमरेतून गोल वाकून बादली उचलणं किंवा झटक्यात पुढे वाकून वळणं यात मणका दबू शकतो. गुडघे वाकवा, बादली अंगाजवळ घ्या, मग उठा. उंची दीड-दोन इंचांनी कमी झाली असेल किंवा पाठीत अचानक कळ येऊन राहिली असेल, तर व्यायामाआधी एक्स-रे काढून घ्या.

योगासनं चालतील का?

ताडासन, वृक्षासन, उत्कटासन, वीरभद्रासन, अगदी उत्तम. हे तोलाचे आणि मांडीचेच व्यायाम आहेत. हाडं ठिसूळ असतील तर पश्चिमोत्तानासन, हलासन, शीर्षासन टाळा. आणि नुसता प्राणायाम करून उठत असाल तर मन शांत होईल, पाय आहेत तसेच राहतील.

डी जीवनसत्त्वाची पुडी घेते. आता पडायची भीती नाही ना?

कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. आपल्याकडे ऊन भरपूर असूनही ती खूप जणींत आढळते. पण ‘जास्त घेतलं तर जास्त चांगलं’ हा हिशेब इथे चालत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर अभ्यास झाला, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट डी जीवनसत्त्व दिलं. अपेक्षा होती पडणं आणि मोडणं कमी होईल. दोन्ही वाढलं.

आपल्याकडची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी ठरावीक आठवड्यांसाठी लिहून दिली तर ठीकच. अडचण पुढे येते. कोर्स संपतो, चिठ्ठी डब्यात राहते, आणि ‘अंग दुखतंय’ म्हटलं की मेडिकलमधून पुन्हा पुड्या येतात. शेजारणीलाही दोन दिल्या जातात. तसं करू नका. रक्त तपासून मगच घ्या. त्याच वेळी बी१२ही तपासा. शाकाहारी बायकांत ते अनेकदा कमी असतं, आणि फार कमी झालं तर पायांना जमीन नीट जाणवेनाशी होते.

खाण्यात काय असावं?

प्रथिनं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शिफारस प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोला रोज ०.८३ ग्रॅम आहे. उतारवयात १ ते १.२ ग्रॅम असावं, असं अनेक तज्ज्ञ म्हणतात. पंचावन्न किलोच्या बाईला साधारण पंचावन्न ते पासष्ट ग्रॅम. आता ताट बघा: दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, ताक. त्यातून वीस ग्रॅमही जेमतेम मिळतात. एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात, कपभर दुधात सहा-सात, घट्ट वरणाच्या वाटीत सहाएक ग्रॅम. पिठलं, मोड आलेल्या मटकीची उसळ, दही, मासे, सोयाबीन, जे घरात चालतं ते दोन्ही जेवणांत असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उपवासाच्या दिवशी नुसत्या साबुदाण्यावर आणि चहावर राहून संध्याकाळी देवळाच्या पायऱ्या चढू नका. दुसरं काही नको, तर दाण्याची आमटी आणि दूध तरी घ्या.

उठल्याबरोबर गरगरतं. हा तोलाचाच प्रकार का?

बहुतेकदा हा रक्तदाबाचा प्रकार असतो. पडून राहिलेलं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा रक्तदाब मोजा. वरचा आकडा वीस किंवा अधिक उतरला तर डॉक्टरांना दाखवा. तोवर उठताना आधी कुशीवर वळा, मग पलंगाच्या काठावर बसून पाय दहा-वीस वेळा हलवा, मग उभ्या राहा. कूस बदलताना खोली फिरत असेल तर तो कानातला दोष असू शकतो, आणि त्यावर साधे उपाय आहेत.

सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरून वर्षातून एकदा डॉक्टरांपुढे ओता. हृदयवाल्यांनी एक, मधुमेहवाल्यांनी एक, गुडघेवाल्यांनी एक, असं करत दहा होतात आणि सगळ्या एकत्र कुणीच पाहत नाही. झोपेच्या गोळीबद्दल खास विचारा. ती रात्री दोन वाजता बाथरूमला जाताना पायांत असते. मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका.

लघवी थांबत नाही म्हणून धावत जाणं हेही पडण्याचं मोठं कारण आहे, आणि हे बायका डॉक्टरांनाही सांगत नाहीत. सांगा. त्यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत.

मोतीबिंदू पिकू दे, मग बघू, असं म्हणतात.

तो पिकण्याची वाट पाहायचा जमाना गेला. इंग्लंडमधल्या एका अभ्यासात सत्तरीपुढच्या ३०६ बायकांपैकी ज्यांची पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली, त्यांचं पडणं ३४ टक्क्यांनी कमी झालं. आणि दुहेरी चष्मा लावून जिना उतरताना खालची पायरी वाचायच्या भिंगातून अंधुक दिसते, म्हणून हनुवटी खाली करून बघा.

घरात काय काय बदलू?

पायपुसण्यापासून सुरुवात करा. जुन्या चादरीची घडी घालून बाथरूमच्या दारात टाकलेलं पायपुसणं म्हणजे घरातली सर्वात धोकादायक वस्तू. खाली रबर असलेलं आणा, नाहीतर काहीच नको. बाथरूममध्ये कमोडशेजारी आणि नळापाशी भिंतीत पक्की दांडी बसवा. टॉवेलचा रॉड धरून उठायची सवय असेल तर तो एक दिवस हातात येणार. रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा. रोज लागणारे डबे खांद्याच्या उंचीपर्यंत, माळ्यावरचं काढायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा, प्लास्टिकच्या स्टुलावर चढू नका. कोकणात घर असेल तर पावसाळ्यात अंगणातल्या चिऱ्यांवरचं शेवाळ खरवडून घ्या.

कपड्यांबद्दल कुणी बोलत नाही. साडी नेसता नेसता निऱ्या पुढून लांब राहतात, उठताना पायाखाली येतात. गाऊन तर तयारच मिळतो घोट्याच्या खाली लोळणारा. चार इंच वर दुमडून शिवून घ्या. फरशीवर अनवाणी चालायची आपली रीत कोरड्या फरशीला ठीक आहे, ओल्याला नाही. थंडीत नुसते मोजे घालून गुळगुळीत टाइल्सवर चालणं सगळ्यात वाईट.

काठी घेतली तर लोक काय म्हणतील?

एक पाय दुखत असेल तर काठी विरुद्ध हातात धरायची. दहातल्या आठ जणी दुखऱ्या बाजूलाच धरतात. उंची मनगटाच्या घडीइतकी, खाली शाबूत रबर. नवऱ्याची ठेवलेली काठी वापरू नका, ती तुम्हाला उंच पडते. लोक म्हणायचं ते म्हणतील.

सासूबाई गेल्या वर्षी पडल्या. आता आम्ही त्यांना काहीच करू देत नाही.

हेतू चांगला आहे, हे कळतं. पण पडल्यानंतर भीती बसते, भीतीने हालचाल कमी होते, त्याने पाय कमजोर होतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. त्यात ‘तुम्ही उठू नका, मी पाणी आणते’ हे दिवसातून वीसदा झालं की उठणंच बंद. त्यांना भाजी निवडायला बसवा, पण भाजी आणायला त्यांनाच उठू द्या. चार पावलं मागे तुम्ही असा.

आधी मात्र त्या का पडल्या, ते शोधा. शुद्ध हरपून पडल्या असतील, पडल्याचं आठवत नसेल, वर्षात दोनदा पडल्या असतील, तर व्यायामाआधी डॉक्टर. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच रुग्णालयात.

एकटी असताना पडले तर उठू कशी?

आधी एक मिनिट पडूनच राहा. घाबरून धडपडू नका. पाय हलवून बघा. खुब्यात तीव्र कळ असेल, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर उठायचा प्रयत्न करू नका. अंगावर काहीतरी ओढून घ्या आणि हाक मारा. फोन हाताशी असेल तर १०८.

तसं नसेल तर कुशीवर वळा. कोपरावर भार देऊन ओणव्या व्हा, बाळ रांगतं तशा. रांगत जवळच्या खुर्ची-पलंगापर्यंत जा. दोन्ही हात त्यावर ठेवा, चांगला पाय पुढे घेऊन पाऊल जमिनीवर टेका, हात आणि त्या पायावर जोर देत उठा, वळून बसा. लगेच चालू नका.

हे पडल्यावर शिकायचं नसतं. आज, सतरंजीवर, मुलगी घरात असताना करून बघा. माझ्या वर्गात पहिल्यांदा जमिनीवर बसवलं की अर्ध्या जणी म्हणतात, “आता उठवणार कोण?” महिन्याभराने त्याच एकमेकींना शिकवत असतात. मोबाइल गळ्यातल्या पिशवीत ठेवा. टेबलावरचा मोबाइल जमिनीवरून फार लांब असतो.

मंगळागौरीला फुगडी घालू का?

हाडं ठिसूळ असतील तर उभी फुगडी नको. हात सुटला की दोघीही मागे, थेट कुल्ल्यावर. बसफुगडी गुडघ्यांना सोसत नाही. पण झिम्मा घाला, पिंगा घाला. बाजूला पावलं टाकणं, गिरक्या, टाळ्या आणि वर गाणं म्हणणं, म्हणजे मी वर्गात जे करून घेते तेच, फक्त जास्त मजेत. आधी महिनाभर सराव करा. साडी घोट्याच्या वर खोचा आणि खेळ सुरू व्हायच्या आत मधली सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवायला सांगा.